टॉवेलाखालची बोलणी

मु. कासुर्डी
रविवार

तीर्थस्वरूप भिमाजी दाजींच्या पायांशी कासुर्डीहून धाकटा मेहुणा आण्णा याचा दंडवत. इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत, फक्त माझा गुडघा माझं ऐकेनासा झाला आहे. तिकडे इनामगावात तुमची तब्येत, म्हशीची तब्येत आणि घोड नदीचं पाणी कसं आहे ते कळवावे. तुमच्या चष्म्याची काडी अजून दोऱ्यानेच बांधलेली असणार, तेव्हा हे पत्र बानूताई वाचून दाखवत असेल असं धरून लिहितो. (ताई, कंसातला मजकूर तुझ्यासाठी आहे. तो मनात वाचायचा. तुला सवय नाही, पण प्रयत्न कर.)

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. फोन करून झाले. विषय निघाला की तुम्ही फोन कापता. पत्र फाडलंत तरी ताई तुकडे जुळवून वाचेल, हा माझा अनुभव आहे. विषय तुम्हाला ठाऊकच आहे. तुमच्या थोरल्या मुलीला नैरोबीहून कामाचं बोलावणं आलं, तुम्ही "परमुलखात पोरगी धाडायची न्हाई" म्हणालात आणि संक्रांतीपासून तिच्याशी बोलणं टाकलंत. वर भावकीसमोर शपथ घेतलीत की तिचं नाव घरात कुणी काढायचं नाही. तुमच्या शपथेचा मान राखून मीही या पत्रात तिचं नाव लिहीत नाही. सोसायटीच्या सचिवपदावर माझी हयात गेली, त्यामुळे 'सदर मुलगी' असं लिहायला मला जड जात नाही.

तर सदर मुलगी पुण्यात काय काम करते ते आधी सांगतो, कारण तुम्ही लोकांना "कॉम्प्युटरवर बसती" एवढंच सांगता. ती सोयरिकी जुळवते. नवरानवरीच्या नव्हे, धंद्यांच्या. आफ्रिकेतलं एक हुशार माणूस आणि युरोपातलं एक हुशार माणूस हेरायचं, एकाकडे जे आहे ते दुसऱ्याकडे नाही असं बघायचं, आणि दोघांना भागीदारीत बांधायचं. यात पुणे कुठे आलं, असं मीही विचारलं. ती म्हणाली, "मामा, मध्यस्थ तिसऱ्याच गावचा लागतो. न्हाईतर ज्याला त्याला तो पलीकडच्याचा माणूस वाटतो." पाच गावची लग्नं जुळवलेला मी, पण हे मला कधी सुचलं नव्हतं.

तिने हेरलेले दोघे म्हणजे नैरोबीच्या वांजिरूबाई आणि हॉलंडचे यान. वांजिरूबाईंनी मेंढपाळांसाठी फोनची सोय केली आहे. साधा बटणांचा फोन असला तरी चारा कुठे, पाणी कुठे, कोण कळप सोडून भरकटलं, हे तो ज्याच्या त्याच्या बोलीत सांगतो. यानने मेंढीच्या कानात अडकवायचा बिल्ला केला आहे. तो उन्हावर चालतो आणि जनावर कुठे आहे ते कळवतो. बाईंचा फोन बिल्ल्यावाचून आंधळा आणि यानचा बिल्ला फोनवाचून मुका. दोघांची गाठ मारायची तर आधी खऱ्या कळपावर परीक्षा हवी. सदर मुलीच्या मनात तुमचाच कळप होता. तुम्ही बोलत नाही म्हटल्यावर ती माझ्या दारात आली, आणि माझ्याकडे एकही मेंढी नसल्यामुळे आम्ही दोघं शेजारच्या जयसिंगच्या दारात गेलो.

पाहुणे उतरले माझ्याकडे. आल्या आल्या मी दोघांना फेटे बांधले. यानला बांधताना मला पाटावर उभं राहावं लागलं, आणि फेट्यामुळे त्याची उंची आणखी वाढून तो आमच्या चौकटीला धडकला. वांजिरूबाईंनी मात्र जयसिंगच्या कळपात शिरून एका मेंढीचं तोंड उघडलं आणि दात बघून वय सांगितलं. त्यांचे आजोबा गुराखी होते म्हणे. जयसिंग त्या दिवसापासून त्यांना 'वैनी' म्हणतो.

बिल्ले लावायला घेतले, तर नववी मेंढी निघाली बिरोबाला सोडलेली. देवाच्या जनावराच्या कानाला भोक पाडत नाहीत, हे तुम्हाला सांगायला नको. पण लांबून आलेल्या पाहुण्यांना तोंडावर नाही म्हणायला जयसिंग लाजला. त्याने नऊ नंबरचा बिल्ला गुपचूप माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "आण्णा, ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. देवाची मेंढी देव राखतोय." मी तो पैरणीच्या खिशात टाकला आणि विसरून गेलो.

दुसऱ्या दिवशी नऊ नंबरची मेंढी सकाळी हायवेवरच्या हॉटेलात जाऊन बसली. तिथून ती सलूनमध्ये गेली, मग सोसायटीत गेली, आणि दुपारी माझ्या ओसरीवर येऊन झोपली. दर खेपेला जयसिंगचा फोन वाजायचा आणि सदर मुलीने भरून ठेवलेल्या तिच्याच आवाजात सांगायचा की तुमची नऊ नंबरची मेंढी कळपात नाही. जयसिंग वळून बघायचा, तर मेंढी समोर रवंथ करत उभी. संध्याकाळपर्यंत गावात बातमी झाली की बिरोबाची मेंढी दोन ठिकाणी दिसते, आणि बायका भंडारा घेऊन दर्शनाला आल्या. (ताई, तुझी भावजयही त्यात होती.)

इकडे पाहुण्यांचं बिनसलं. यानच्या मते बिल्ला खरा आणि फोन खोटा, बाईंच्या मते फोन खरा आणि बिल्ला खोटा. दोघंही इतक्या सभ्यपणे भांडत होते की मला ते एकमेकांचं कौतुक करताहेत असं वाटून मी मान डोलावत होतो. शेवटी सदर मुलीने कॉम्प्युटरवर मेंढीचा मार्ग शांतपणे बघितला आणि माझ्यापुढे हात पसरून म्हणाली, "मामा, खिसा." मी बिल्ला काढून दिला. वांजिरूबाई हसू लागल्या त्या खाटेवर बसेपर्यंत हसत होत्या.

म्हणजे फोनही खरा होता आणि बिल्लाही. पण बोललेले शब्द परत घेता येत नाहीत, आणि त्याच रात्री भागीदारीतले वाटे ठरायचे होते. कॉम्प्युटरच्या पडद्यावर दोन्हीकडचे वकील आणि जाणकार येऊन बसले. त्या सगळ्यांच्या देखत बाईंनी आपला वाटा सांगितला, यानने आपला सांगितला, आणि दोन्हींची बेरीज पुऱ्याच्या वर गेली. माणसं दोन्ही चांगली, पण चारचौघांत बोललेला आकडा खाली आणायचा कसा? मागे सरेल त्याची मान खाली. यान बॅग भरायला उठला. बाई अंगणात जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

दाजी, आता नीट ऐका. सदर मुलीने कॉम्प्युटर मिटला. माझ्या खांद्यावरचा टॉवेल ओढून घेतला. दोघांना ओसरीवर समोरासमोर बसवून, त्यांचे हात एकमेकांच्या हातात देऊन, वर टॉवेल टाकला. मग यवतच्या बाजारात तुम्ही मेंढ्यांचा सौदा करता तसा, टॉवेलाखाली बोटं दाबून सौदा कसा करायचा, ते तिने त्यांना शिकवलं. एक बोट म्हणजे दहातला एक वाटा. तोंडाने आकडा बोलायचा नाही. बघणाऱ्याला काही कळत नाही, त्यामुळे मागे सरलं तरी कुणाची मान खाली जात नाही. हे सगळं ती इंग्रजीत सांगत होती. "आबांनी शिकवलं" यातला 'आबा', म्हणजे तुम्ही, तेवढा मराठीत होता, म्हणून मला कळला.

यानला गुदगुल्या होत होत्या, त्यामुळे सुरुवात दोनदा करावी लागली. वांजिरूबाईंचा चेहरा मात्र अगदी तुमच्यासारखा, दगडी. टॉवेल बराच वेळ हलत राहिला, मग थांबला, आणि दोघांनी एकदमच श्वास सोडला. बाजाराच्या बोलीत सौदा तुटला, म्हणजे जमला. वाटे किती किती ठरले हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही, आणि टॉवेल माझा असूनही सांगू नये याचं मला वाईट वाटतं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी कंसाबाहेर लिहितो. एवढीशी होती तेव्हा तुमच्या मांडीवर बसून ती टॉवेलाखाली हात घालायची. व्यापारी म्हणायचे, "भिमाजी, पोरगी मधी नगं, आकडा फोडंल." तिने कधी फोडला नाही. मला तिचा फार अभिमान वाटला, आणि तुमचाही. तुम्ही कळप घेऊन कोकणात उतरायचात, तेव्हा तुमची आई रात्रभर जागायची, तरी पहाटे भाकरी बांधून द्यायची आणि वेशीपर्यंत यायची. एवढं लिहून थांबतो. ताईकडे आशीर्वाद मागतो, म्हशीच्या पाठीवरून हात फिरवावा.

तुमचा मेहुणा
आण्णा

ता. क. सौद्यानंतर त्या दोघांनी मिळून सदर मुलीला पुन्हा नैरोबीला बोलावलं आहे, या खेपेला तिसरी भागीदार म्हणून. ती म्हणाली, "आबांना इचारल्याबिगर न्हाई." शुक्रवारी सांजेपर्यंत उत्तर द्यायचं आहे. तुम्ही शुक्रवारी यवतच्या बाजाराला या. ती तिथे असेल. बोलायचं नाही, नाव घ्यायचं नाही, शपथ शाबूत राहील. टॉवेलाखाली हात घाला. एक बोट म्हणजे नैरोबीतलं एक वर्ष.

ता. क. २. मी तुमच्या बाजूचा म्हणून आतली गोष्ट सांगतो. ती आधी पाच बोटं दाबेल, पण तिला हवी आहेत दोनच वर्षं. तुम्ही एकावर अडून बसा. (ताई, हे तिनेच मला लिहायला लावलं आहे. तिला तीन हवी आहेत, पाच आणि एकच्या अधोमध. हा कंस तरी मोठ्याने वाचू नकोस.)

ता. क. ३. मी तिला विचारलं, आबांनी एकही बोट दाबलं नाही तर? ती म्हणाली, "नुसता हात धरला तरी बास हाय, मामा. मग मी जायची न्हाई." म्हणून पाया पडून सांगतो, दाजी, नुसता हात धरून उभे राहू नका. बोटं दाबा. टॉवेल तिने धुऊन ठेवला आहे. तिचं नाव स्वप्नाली. तुम्हीच ठेवलं होतंत.