चारही बाजूंनी तीन मिलिमीटर

३ मार्च, सोमवार

हिला अखेर खोली मिळाली. आमच्याच इमारतीत, तळमजल्यावर, रस्त्याकडे खिडकी असलेली. तीस वर्षं घरात बसून लोकांच्या पँटी आखूड केल्या, आता शिवणाचा क्लास काढणार. घरमालकीणबाईंची अट आहे : एक एप्रिलला निदान आठ जणी आल्या पाहिजेत, नाहीतर खोली बुद्धिबळाच्या मास्तरांना. मास्तर आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. त्यांचा त्या खोलीवर केव्हापासून डोळा आहे.

म्हणजे पोस्टर पाहिजे. सून म्हणाली, बाबा, शनिवारी सुट्टी आहे, मी करून देते. मी म्हणालो, तू नोकरी करून दमतेस, हे काम माझं. बिस्किटांच्या फॅक्टरीत पॅकिंग खात्यात एकतीस वर्षं काढली, लाखो खोक्यांवर लेबलं चिकटवली. छपाई माझ्या रक्तात आहे. ही म्हणाली, अहो, चिकटवणं वेगळं, छापणं वेगळं.

तिला त्या लाइनमधलं काय कळणार.

संकल्प : आठ दिवसांत पोस्टर तयार.

४ मार्च

सुनेचा जुना लॅपटॉप घेतला. तो चालू होईपर्यंत चहा झाला, कप विसळून झाला.

'शिवण शिका' आणि खाली पत्ता, एवढं लिहिलं. अक्षरं लाल केली. मग हिरवी. मग लाल. जेवणाची वेळ झाली. नुसतं बसून गुडघे का दुखतात, हे डॉक्टरांना विचारायचं आहे.

६ मार्च, गुरुवार

प्रेसमध्ये जाऊन आलो. प्रेसच्या मालक एक बाई आहेत. चष्म्याला दोरी, बोटांना शाई. मी फोनवर आमचा फोटो दाखवला : ही मशीनवर बसली आहे, मागे खिडकी. बाई म्हणाल्या, काका, हा फोनवरून फोनवर फिरून आलेला फोटो आहे. दोन फुटी कागदावर ताणला की फुटेल. इंचाला तीनशे ठिपके लागतात.

मी म्हणालो, बघतो.

मग म्हणाल्या, पडद्यावरचा रंग म्हणजे उजेड असतो, कागदावर शाई असते. इतका झगझगीत लाल येणार नाही, मनाची तयारी ठेवा.

मग मुद्द्यावर आल्या. दीड फूट बाय दोन फुटांचं पोस्टर, पण फाइल चारही बाजूंनी तीन मिलिमीटर मोठी करून आणा. तेवढं आम्ही कापून टाकतो. आणि अक्षरं कडेपासून चांगली आत ठेवा.

कापून टाकतो! हे सगळं हसत हसत सांगितलं.

७ मार्च, पहाटे ५.१०

झोप नाही. हिशेब केला. चारही बाजूंनी तीन मिलिमीटर, अशी शंभर पोस्टरं. सगळ्या पट्ट्या जोडल्या तर दोन पोस्टरांहून जास्त कागद होतो. तो जातो कुठे? एकतीस वर्षांत असे पुष्कळ पाहिले. कोणी बिस्किटं खिशातून नेत, कोणी डब्यातून. ही बाई पट्ट्यांतून नेते.

हिला उठवून सांगितलं. ही म्हणाली, झोपा हो. सकाळी बोलू. सकाळी तिला वेळ नव्हता.

८ मार्च, शनिवार

सुनेने लॅपटॉपवर कागदाचं माप टाकून दिलं. बाईंनी सांगितलं तसं, तीन मिलिमीटर जास्तीचं. आत एक बारीक रेघ दिसते. सून म्हणाली, बाबा, ही रेघ म्हणजे कात्री. रेघेच्या बाहेरचं जाणार. मी हो म्हणालो. वाद कशाला.

फोटो ताणला. पडद्यावर मला चांगला दिसतो. ठिपके मोजायला भिंग आणि फूटपट्टी घेतली. एकेचाळीसपर्यंत मोजले आणि शिंक आली.

रंगाचा प्रश्न मात्र सोडवला. पडद्याचा उजेड शेवटपर्यंत वाढवला. आता लाल असा आहे की डोळ्यांतून पाणी येतं. शाईत थोडा उतरला तरी परवडेल.

११ मार्च, मंगळवार

युक्ती सापडली. आंघोळ करताना.

फॅक्टरीत खोकं भरलं की आम्ही झाकणाच्या फटीवर शिक्का मारत असू. अर्धा या फळीवर, अर्धा त्या फळीवर. कोणी खोकं उघडलं की शिक्का फाटलाच. चोराला उघडायची छाती होत नसे.

त्याच न्यायाने आमचा फोन नंबर खाली कात्रीच्या रेघेवर बसवला. अर्धा आत, अर्धा बाहेर. आता बाईंनी कापून दाखवावं. गिऱ्हाइकाच्या नंबरावर कात्री चालवायची म्हणजे गंमत नाही.

फार दिवसांनी डोकं चाललं. दुपारी दोन तास झोपलो.

१२ मार्च

प्रेस. बाईंनी एक नमुना छापून हातात दिला. मोठ्या कागदावर, न कापलेला. कोपऱ्यांत बारीक खुणा. नंबर पूर्ण, ठसठशीत. लाल रंग विटकरीसारखा आला आहे. बाईंची शाई जुनी असावी.

बाई म्हणाल्या, काका, तुमचा नंबर बरोबर कटिंगमध्ये येतोय. वर घ्या. मी म्हणालो, आहे तिथेच राहू द्या. त्या म्हणाल्या, अहो, कापला जाईल. मी नुसता हसलो. बाई गडबडल्या. त्यांच्या लक्षात आलं की समोरचा माणूस कच्चा नाही. शेवटी म्हणाल्या, मग नमुन्यावर लिहून द्या, जसं आहे तसं छापा, आणि खाली सही करा.

केली. रिटायर झाल्यापासून माझी सही फक्त पेन्शनच्या कागदावर लागते. दोन्ही ओळी नीट, वळणदार आल्या.

संध्याकाळी जिन्यात मास्तर भेटले. फोनवर नमुन्याचा फोटो दाखवला. मास्तर म्हणाले, फारच छान, काहीही बदलू नका. मनाचा मोठा माणूस.

१५ मार्च, शनिवार

गठ्ठा आणला. पाठीत उसण.

नंबर कापला.

बाईंनी सरळ कापला. शंभराच्या शंभर. वरचा अर्धा आत राहिला, खालचा अर्धा गेला. मी लगेच फूटपट्टी काढली. दीड फूट बाय दोन फूट, बरोबर. दुसरं पोस्टर घेतलं. बरोबर. म्हणजे कागद पूर्ण आहे आणि नंबर अर्धा आहे. चोरी नेमकी कशी केली, कळत नाही.

ही स्वयंपाकघरातून म्हणाली, कशी आली हो पोस्टरं? मी म्हणालो, माप अगदी चोख आहे. ही म्हणाली, बघू. मी म्हणालो, शाई ओली आहे. गठ्ठा पलंगाखाली सारला.

नीट विचार केला. वरच्या अर्ध्यावरून आकडा ओळखता येतो. माणूस चेहऱ्यावरून ओळखतो, पायावरून नाही. तीन आणि आठ यांत थोडा घोटाळा होतो. नऊचाही होतो. पण ज्याला शिवण शिकायचं आहे तो दोनदा फोन फिरवेल. गरज त्याला आहे.

१७ मार्च

छत्तीस पोस्टरं लावली. दवाखाना, वाचनालय, बसस्टॉप, किराणा, दोऱ्याचं दुकान, लाँड्री. खळ शर्टावर सांडली. ही बरोबर येते म्हणत होती. उन्हाचं कारण सांगून घरी बसवली.

फोन आता माझ्या खिशात. हिला बहिणीशी बोलायचं होतं. लाइन मोकळी हवी, म्हणून दिला नाही.

१९ मार्च

फोन नाही. लोक विचार करत असतील. शिवण म्हणजे जन्माचा निर्णय.

२२ मार्च, शनिवार

एक फोन आला! विमा हवा का म्हणून. मी त्यालाच विचारलं, घरात कोणी शिवण शिकणारं आहे का. त्याने ठेवला.

ही खालची खोली झाडून आली. खिडकीला पडदा शिवला. आठ स्टुलं गोळा केली, त्यातलं एक डुगडुगतं. त्याच्या पायाखाली पुठ्ठा घालायचं काम मला दिलं. पुठ्ठा मोठा झाला, आता ते दुसऱ्या बाजूने डुगडुगतं.

२४ मार्च

मास्तर खोलीची मापं घेताना सापडले. म्हणाले, सहज. हातात टेप होती.

ही मला विचारते, अहो, एकही फोन नाही? मी म्हणालो, नेटवर्क. तिने मान हलवली. आणि पुढचा सबंध तास पडद्याची चांगली असलेली टीप उसवून परत घालत बसली. मला आत जाऊन पडावंसं वाटलं. पडलो.

२६ मार्च, बुधवार

ही दोऱ्याच्या दुकानात गेली होती. मी नको म्हणत होतो, पण काळा दोरा संपला होता.

दुकानवाली तिला म्हणाली, ताई, तुमचा नंबर गटारात पडला का? अर्धाच दिसतोय. परवा दोघी जणी मला विचारून गेल्या, मलाही नंबर ठाऊक नव्हता.

घरी येऊन ही ओरडली नाही. ओरडली असती तर माझ्याकडे उत्तर तयार होतं. पिशवी ठेवली, पाणी प्यायली, मशीनवरची एक बाही उचलली आणि माझ्यापुढे धरली. म्हणाली, ही शिवण, हा काप. मधलं कापड दिसतंय? याला माया म्हणतात. ती सोडायची असते आणि तिच्यावर काहीही काढायचं नसतं, ना फूल, ना वेल. पहिल्या दिवशी पोरींना हेच शिकवतात. त्या बाईंनी तुम्हाला दुसरं काय सांगितलं होतं? मला एकदा विचारायचं होतंत.

मी म्हणालो, तुला छपाईतलं काय कळणार, असं वाटलं.

तिने बाही खाली ठेवली. मशीन सुरू केलं. बराच वेळ चालू होतं. नंतर पाहिलं तर दोरा ओवलेलाच नव्हता.

२८ मार्च, शुक्रवार

सुनेने रजा घेतली. दोघी जाड पेन घेऊन निघाल्या. छत्तीस ठिकाणी ही स्वतः स्टुलावर चढली आणि हाताने नंबर लिहिला. स्टूल मी उचललं. तेच डुगडुगतं. दुसरं न्यायचं सुचलं नाही.

दवाखान्यातल्या नर्सने विचारलं, फोटोतल्या तुम्हीच का? फोटो इतका फुटलाय, मला वाटलं कोणीतरी मोटार चालवतंय. ही हसली. तिथेच खाली उतरून तिला चुण्या कशा घालतात ते ओढणीवर दाखवलं. भोवती चार बायका जमल्या. मी स्टूल धरून उभा. एकीने मला सरका म्हटलं.

रात्रीपर्यंत सात नावं. फोन हिच्याकडे आहे.

१ एप्रिल, मंगळवार

सकाळी दहा. घरमालकीणबाई दारात खुर्ची टाकून मोजत होत्या. सात. मास्तर जिन्यात, बुद्धिबळाचा पट काखेत. सव्वादहा. सातच. ही खडू हातात घेऊन उभी. माझ्याकडे बघत नव्हती. मी स्टुलाकडे बघत होतो.

इतक्यात धापा टाकत एक बाई आल्या. चष्म्याला दोरी. प्रेसवाल्या! म्हणाल्या, शंभर वेळा पत्ता छापला, पाठच झाला. कापायचं येतं मला, शिवायचं तेवढं शिकवा.

आठ.

मास्तर पट घेऊन वर गेले. प्रेसवाल्या बाई आत जाताना मला म्हणाल्या, काका, तुमची सही जपून ठेवली आहे हं.

नोंद : पोस्टर वाचून निदान एक बाई आली. हे कोणी बोलत नाही.

३ एप्रिल, गुरुवार

चौसष्ट पोस्टरं उरली आहेत. कागद जाड आहे, मागची बाजू कोरी. हिने ती क्लासात नेली. फ्रॉकच्या मापाचे कागद कापायला बरी पडतात म्हणाली. मला हाताशी घेतलं आहे. कामाचा माणूस कामाला येतोच.

आज तिने स्वतः गळ्याची रेघ काढून दिली आणि माया सोडून कापायला सांगितलं. आठही जणी बघत होत्या. मी हात स्थिर ठेवला. कुठेही थांबलो नाही. अगदी रेघेवरून कापला, केसाचाही फरक नाही.

हिने कागद उजेडात धरून पाहिला. प्रेसवाल्या बाईंनी चष्मा काढून पुसला. मग हिने तो कागद बाजूला ठेवला आणि मला दुसरा दिला.

त्रेसष्ट.