ट्रंकेचं वजन

निघोजे, १२ जुलै १९७४

मी सांगतेय, नात सुमन लिहितेय. उद्या ती शिकायला मद्रासला चालली. तिची ट्रंक उचलून पाहिली, हलेना. म्हणाली, "आजी, चंद्रावर ही हलकी लागेल."

म्हटलं, "मग तिथंच जाऊन शीक, बये!"

उभी हयात चाकणच्या बाजारात कांद्याची पोती तोलली, पण वजन येतं कुठून, हे कधी मनात आलं नाही. ती म्हणते, पृथ्वी ओढते म्हणून वजन. पण बारीक कणांत मुळात ते वस्तुमान का काय ते कुठून आलं, त्याचा त्या ओढीशी काही संबंध आहे का, हे अजून कुणालाच ठाऊक नाही. तेच शोधायचंय तिला.

ट्रंक पुन्हा उचलायला गेले. उगाच.

"किती दिवस लागतील गं?"

"जन्म जाईल, आजी."

कुणाचा, ते मी विचारलं नाही.

लिही की. थांबलीस का?