किरण बंद असताना

१७ मार्च, दुपार

प्रिय मास्तर,

सप्रेम नमस्कार. शाळेतली मुलं तुला याच नावानं हाक मारतात, असं वहिनींकडून कळलं. त्या बऱ्या आहेत ना? लेकीचे दुधाचे दात पडायला लागले असतील. इकडे सूक्ष्मदर्शकाची खोली अजून तशीच गारठलेली आणि सर अजून शाल पांघरूनच येतात. मला चार दिवस जेवण जात नाही, बाकी ठीक.

हे पत्र तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय. नमनालाच घडाभर तेल नको, सरळ सांगते.

गुरुवारी चांदीची तार ताणत होते. आपली तीच, केसाच्या हजाराव्या हिश्श्याएवढी. मधेच इलेक्ट्रॉनचा किरण बंद पडला, पडदा काळा झाला. ताणणारी मोटर मात्र चालूच होती. पाच मिनिटांनी चित्र परत आलं, तर तार तुटलेली. एरवी अशी तार डोळ्यांदेखत च्युइंगमसारखी लांबते. मग मुद्दाम किरण बंद ठेवून बारा तारा ताणल्या. अकरा तुटल्या. तार मुळात मऊ नव्हतीच रे, आपण ज्या किरणानं बघत होतो तोच तिला नरम करत होता.

तू हेच सांगत होतास. तू किरण बंद ठेवून ताणायचास, मग बघायचास आणि तुझ्या तारा तुटलेल्या निघायच्या. सर चिडायचे, "हा न बघता काम करतो आणि वर आम्हालाच शहाणपण शिकवतो." एकदा त्यांनी मला विचारलं, याच्याच तारा का तुटतात? मी म्हणाले, "त्याचा हात जड आहे, सर." महिन्याभरात तू प्रयोगशाळा सोडलीस. चांदीची तार मऊ असते, हा माझा शोधनिबंध छापून आला, त्यावर नोकरी लागली.

आज सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "सात वर्षं झाली. झाकली मूठ राहू दे की." पण निबंध मागे घेत असल्याचं मी सकाळीच नियतकालिकाला कळवून टाकलं होतं. त्यात तुझं नाव आणि तुझ्या नोंदी दिल्यात. नोकरीचं काय व्हायचं ते होवो.

इथंच थांबले असते तर तू मला मोठ्या मनाची समजला असतास. ते नको. सरांनी विचारलं त्याच्या आदल्या दिवशी, तू जेवायला गेला होतास तेव्हा, मी किरण बंद ठेवून एक तार ताणली होती. ती तुटली. ते चित्र मी पुसून टाकलं.

मैत्रीण म्हणवून घ्यायला न धजणारी,
तुझ्या शेजारच्या टेबलावरची