सांगण्याजोगा आजार

४ मार्च
मानेची सोनोग्राफी! ती पोटाचीच असते असा माझा समज होता.
डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "एचआयव्ही अकरा वर्षं दबून आहे, रक्तात सापडतसुद्धा नाही. पण आतल्या आत थोडी सूज राहतेच. ती रक्तवाहिन्यांना बाधते. वर तुमच्या सिगारेटी!"
मेंदूकडे जाणाऱ्या डाव्या नसेत थर जमलाय — थोडासा. चौथ्या मजल्यावर मी दमतोही थोडासाच. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला जिने चुकत नाहीत.

५ मार्च
नवी गोळी सुरू — कोलेस्टेरॉलची. सिगारेट बंद.

६ मार्च
सिगारेट एक.

९ मार्च
वर्कशॉपमध्ये सांगून टाकलं — नसेत थर आहे. अकरा वर्षांत पहिल्यांदा आजार चारचौघांत तोंडानं सांगितला! काय तो थाट. साहेबांनी स्वतःची खुर्ची दिली. वायरमननं मेव्हण्याच्या बायपासची साद्यंत कथा ऐकवली. "कुठून आणलास?" असं कुणीही विचारलं नाही.

१४ मार्च
दादाकडे जेवलो. त्यानं लग्न केलं नाही, पण स्वयंपाक चोख. त्यालाही नसेचंच सांगितलं. गणिताचा मास्तर — लगेच विचारतो, "किती टक्के?"
बाकीचं सांगावं असं ओठांवर आलं होतं. पण त्याच्या शाळेतल्या शिपायाला हाच आजार निघाला, तेव्हा दादाच म्हणाला होता, "असल्या माणसाच्या हातचा चहा नको." त्याला दहा वर्षं झाली. माझ्या हातचा चहा तो दर रविवारी पितो आणि साखर कमी म्हणून कुरकुरतो.
गिळलं. भाताबरोबर.

२ एप्रिल
सिगारेट नाही — सलग अठरा दिवस. स्वभाव बिघडलाय असं साहेब म्हणतात. पूर्वी बरा होता हे मला आजच कळलं.

८ एप्रिल
तपासणीचा दिवस. एचआयव्हीच्या ओपीडीत बाकावर दादा बसलेला! हातात कोरी करकरीत फाईल, वर त्याचंच नाव. "इथं कसा?" — दोघं एकदम.
दादा म्हणाला, "बीपी."
मी म्हणालो, "मान."
समोर दारावर पाटी. दादाला वाचता येतं, मलाही.
मग त्यानं चष्मा काढला आणि पुसतच राहिला. मी शेजारी बसलो. माझी अकरा वर्षांची जाडजूड फाईल त्याच्या मांडीवर ठेवली.