लेन्स कुणाच्या गळ्यात होती

मंगळवार, तारीख बारा
दुपारचं जेवण झाल्यावर

चि. ठकू,

अनेक आशीर्वाद. तुम्ही सगळे खुशाल असाल असं धरून चालतो. मेहुण्यांचा गुडघा कसा आहे? इकडे आम्ही बरे आहोत. तुझ्या वहिनीने दाराला रंग द्यायला काढलाय, त्यामुळे घरात शिरताना अंग चोरून शिरावं लागतं, एवढीच काय ती अडचण.

माझं अक्षर बघून तू आधी शेवटचं पान उलटशील, कोण गेलं म्हणून. कोणी गेलेलं नाही. खरं तर फोनच करणार होतो. पण फोनवर आपण दोघं "बाकी काय?" आणि "बाकी तूच सांग" इथवर येतो आणि मी फोन वहिनीकडे देतो. चौदा वर्षं असंच चाललंय. म्हणून लिहायला बसलो.

काम असं आहे. या महिन्याच्या अखेरीला मी पेपरमधून निवृत्त होतोय. ऑफिसचे कॅमेरे परत करायचे. निरोपाची भेट म्हणून ऑफिस मला एक वस्तू देणार आहे, एक तर नवी कॅमेरा बॉडी, नाहीतर लांब पल्ल्याची टेलिफोटो लेन्स. दोन्ही नाही. कोणती ते मी सांगायचंय, आणि मी आठ दिवस नुसता घोळ घालतोय.

तूच बघ. घरी माझी ती जुनी बॉडी आहे. आपण एकाच दिवशी, एकाच दुकानातून दोन सारख्या घेतल्या होत्या, त्यातली माझी. आपली मोठी लेन्स मात्र गेली, भिंगात बुरशी धरली. आता नवी बॉडी घेतली तर तिला लावायला लांबचं काही नाही. धावपटू मुंगीएवढा येणार, फक्त मुंगी अगदी स्वच्छ. बरं, लेन्स घेतली तर धावपटू जवळ येईल, पण मागे ही जुनी बॉडी. उजेड जरा उतरला की तिला काही सुचत नाही. तिचा फोकस बसेपर्यंत धावपटू घरी जाऊन जेवायला बसलेला असतो.

आमचा क्रीडा विभागाचा प्रमुख म्हणतो, बॉडीच घ्या. छपाईवाला म्हणतो, बॉडी दर दोन वर्षांनी म्हातारी होते, चांगलं भिंग जन्माला पुरतं. मला पटलं. मग दुकानदार म्हणाला, हल्लीच्या बॉड्या माणसाचा डोळा आपला आपण शोधतात, तुमच्या वयाला ते बरं. तेही पटलं. वहिनी म्हणाली, जे कपाटात मावेल ते घ्या. खरं सांगायचं तर मला तिचंही पटलं.

शेवटी दुरुस्तीवाल्याकडे गेलो. म्हटलं, जुनी बॉडी अजून किती चालेल ते सांग, म्हणजे प्रश्न मिटेल. त्याने टोपण लावून काळ्याकुट्ट अंधाराचा एक फोटो काढला आणि तो पडद्यावर मोठा करून दाखवला. म्हणाला, "काका, सेन्सरवर दोनच ठिपके मेलेत. हे बघा, खाली उजवीकडे. प्रत्येक बॉडीला असे असतातच, अंगावरच्या तिळासारखे. ज्याचे त्याच्या जागी. तुमची बॉडी ठणठणीत आहे, खुशाल लेन्स घ्या." म्हणजे निकाल लागला म्हणायचा. तरी मी घरी येऊन परत बॉडीची माहितीपत्रकं चाळत बसलो.

हो, आणखी एक राहिलं. निरोपाच्या दिवशी ऑफिसच्या दर्शनी भिंतीवर तो फोटो लावणार आहेत. बक्षीसवाला, बांबूउडीचा. चांगला माणसाएवढा मोठा करून, खाली पितळेची पाटी. मोठा करणाऱ्याचा परवा फोन आला. मूळ फाइलीत वर डावीकडे, आडव्या दांडीच्या जरा वर, एक लाल टिंब आहे, काढू का? म्हटलं, काढ.

तर बॉडी की लेन्स, तुला काय वाटतं ते कळव. तू या वस्तूंकडे माझ्यापेक्षा थंड डोक्याने बघायचीस. पत्र उद्या टाकतो.

बुधवार, सकाळी

पत्र टाकलं नाही.

काल ते टिंबाचं लिहून मी पुढच्या ओळीला पळालो, ते तुझ्या ध्यानात आलंच असेल. दुरुस्तीवाल्याने दाखवलेले ठिपके खाली उजवीकडे होते. हे टिंब वर डावीकडे. सरळ गोष्ट आहे, एखाद्या पोरालाही कळेल. मी मात्र ती समोर असूनही समजून घ्यायला तयार नव्हतो. आधी वाटलं, धूळ असेल. मग वाटलं, ठिपके जागा बदलत असतील. दुरुस्तीवाल्याला फोन करून विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "काका, तीळ कुठे फिरतात का?"

वहिनी रंगाचा दुसरा हात देत होती. मी माळ्यावरून त्या वर्षीची पेटी काढली. त्या दिवसाचे आठशेच्या वर फोटो आहेत, तुझे-माझे एकत्र. आठवतं ना, दोन्ही कार्डं मी ऑफिसात नेऊन एकाच जागी रिकामी करायचो आणि सगळ्यांना एका ओळीत नवे नंबर द्यायचो. कॅमेरे एकाच जातीचे, त्यामुळे कुठला कोणाचा, मागाहून कळायला मार्ग नाही. नाव तर सगळ्यांखाली एकच जायचं. पगारावर मी होतो आणि तू माझ्या मदतीला, तेव्हा तशीच रीत होती. हे मी स्वतःला सांगतोय, तुला नाही.

आता मार्ग सापडला होता. ज्या फोटोंत तू आहेस ते मी काढलेले, ज्यांत मी आहे ते तू. त्यात शंकेला जागा नाही. तू जमिनीवर बसून बुटाची नाडी बांधतेस, त्या फोटोत मेलेले ठिपके खाली उजवीकडे. तू पहारेकऱ्याशी हुज्जत घालतेस, खाली उजवीकडे. मग मी डबा खातोय. वर डावीकडे, लाल. मी टोपी शोधतोय आणि टोपी डोक्यावरच आहे. वर डावीकडे. तू त्या दिवशी माझे एवढे फोटो काढलेस हे मला ठाऊकच नव्हतं. बहुतेकांत मी काही ना काही हरवून शोधतोय.

मग बांबूउडीच्या आधीचा फोटो आला.

मी नळावर आहे. मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला तो नळ होता, आपल्या जागेपासून तिथला माणूस नुसता ठिपका दिसायचा. पण या फोटोत माझी मान दिसते, कॉलरचा मळ दिसतो, कानामागून ओघळणारं पाणी दिसतं. एवढ्या लांबचं एवढं जवळ आणणारी लेन्स आपल्याकडे एकच होती. मी तोंड धुतोय. मैदानाकडे माझी पाठ आहे. गळ्यात माझा कॅमेरा आहे, त्याला ती आखूड लेन्स.

त्यानंतरचा फोटो तो. उडी मारणारा दांडीवर उलटा तरंगतोय, सगळं मैदान तोंड वर करून बघतंय, आणि त्या हजार माणसांत एक बाई मान खाली घालून सुईत दोरा ओवतेय. फाइलीतली वेळ बघितली. नळापासून तिथपर्यंत चाळीस सेकंद. धावलो असेन का, हाही हिशेब मी करून पाहिला. या वयाचा माणूस किती हास्यास्पद होऊ शकतो बघ.

ठकू, मला खरंच काही उमजत नाही. माझ्या बोटाला अजून ते बटण आठवतं. त्या बाईवरून नजर वर नेल्याचं आठवतं. मी हे सभांमधून सांगितलंय, शाळांमधून सांगितलंय, "ती बाई मला आधीच दिसली होती" असं म्हणून थांबायचो आणि लोक टाळ्या वाजवायचे. सांगून सांगून ते आठवू लागलं, की आठवत होतं म्हणून सांगत होतो? ती बाई मी पहिल्यांदा ऑफिसच्या पडद्यावर पाहिली, एवढं मात्र आता लिहिताना स्पष्ट दिसतंय. आठशेतून तो फोटो निवडला मी. तेवढं माझं. त्या संध्याकाळी छापायच्या प्रतीतून ते लाल टिंब मीच पुसलं, तेही माझं. पुसताना मला ते काय आहे हे कळलं होतं का? शंभरदा स्वतःला विचारलं. उत्तर कधी हो येतं, कधी नाही.

शुक्रवार, तारीख पंधरा

दोन दिवस लिहिता आलं नाही, कारण पुढचं लिहायचं होतं.

बक्षीस जाहीर झालं त्या दिवशी तू माझ्या टेबलापाशी आलीस. हळूच म्हणालीस, "दादा, हा माझ्या कॅमेऱ्यातला आहे असं मला वाटतं." आजूबाजूला आठ-दहा जण पेढ्यांच्या पुड्या सोडत होते. घरी मी ही गोष्ट नेहमी अशी सांगत आलो की तू काहीतरी बोललीस, मीही काहीतरी बोललो, आणि तू रागावून काम सोडलंस. लेन्स माझ्याच गळ्यात होती, एवढा लांबचा फोटो तिच्याशिवाय निघणार नाही, मग तो दुसऱ्या कोणाचा कसा असेल? वहिनीला हे इतक्या वेळा ऐकवलं की ती आता माझ्याआधी वाक्य पुरं करते.

मी काय बोललो होतो ते मला शब्दाला शब्द पाठ आहे. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "लेन्स दोन मिनिटं हातात धरली म्हणून कोणी फोटोग्राफर होत नाही, ठकूबाई." सगळे हसले. तूही हसलीस. दुसऱ्या दिवसापासून आली नाहीस.

काल ते वाक्य स्वतःशी मोठ्याने म्हणून पाहिलं. दोन मिनिटं तू लेन्स धरली होतीस, हे मी भर ऑफिसात माझ्या तोंडाने सांगितलं होतं. ते कोणाच्या लक्षात आलं नाही. तुझ्या नक्की आलं असणार. चौदा वर्षांत तू ते एकदाही माझ्या तोंडावर फेकलं नाहीस. फेकायला हवं होतंस. आज मी हे तुझ्यावर ढकलतोय असं वाटलं, तर तेही बरोबर आहे.

माझं चुकलं. फोटोपेक्षा त्या हसण्याची लाज मला जास्त वाटते.

काल संपादकसाहेबांकडे गेलो. पडद्यावर सगळं दाखवलं. त्यांनी ते दोन फोटो मागेपुढे करून पाहिले. मग म्हणाले, "अहो, आता कशाला? घरातलीच गोष्ट आहे. दोघांचीही नावं टाकू." मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. लिफ्टपर्यंत खुशीत गेलो. लिफ्ट आली आणि मी तसाच उभा राहिलो. परत दोघांचं एकत्र रिकामं करून एका ओळीत नंबर देणं, हे तर मी आधीही केलं होतं. माघारी गेलो. म्हटलं, एकच नाव टाका, माझं नको. ते म्हणाले, "निरोप तुमचा आणि भिंतीवर बहिणीचा फोटो? लोक विचारतील." म्हटलं, विचारू देत, मी तिथेच उभा असेन, सांगेन. बोललो खरा, आणि काय सांगायचं ते आतापासूनच घोकतोय.

बॉडी की लेन्स, ते अजून कळवलेलं नाही. काल रात्रीच्या जेवणाला लेन्स होती, आज सकाळी बॉडी झाली. तुझं मत हवंय, खरोखर हवंय. या बाबतीत तुझ्या नजरेवर माझा नेहमीच विश्वास होता, फक्त तो तुला कळू दिला नाही. पण त्याला घाई नाही.

घाई दुसऱ्या गोष्टीची आहे, म्हणून हे कुरिअरने पाठवतो. आज सकाळी पितळेच्या पाटीवाल्याकडे तुझं नाव द्यायला गेलो. चांगला म्हातारा माणूस आहे, चष्म्याला दोरी बांधून काम करतो. पेन्सिल घेऊन म्हणाला, "बोला." मी तुझं नाव सांगितलं. त्याने लिहिलं. मग म्हणाला, "पुढे? माहेरचं आडनाव की सासरचं? की दोन्ही?"

तुझ्या लग्नात अक्षता टाकल्या मी, आणि तू स्वतःचं नाव कसं लिहितेस हे मला सांगता आलं नाही. या पाकिटावरही मी मेहुण्यांचंच नाव घातलंय. आत तू ठकू. हल्ली तू फर्निचरच्या कारखान्यासाठी काढतेस त्या कपाटा-टेबलांच्या फोटोंखाली कोणाचंच नाव नसतं. आणि पेपरात तुझे एवढे फोटो छापून आले, पण तू माझ्याबरोबर काम केलंस त्या सात वर्षांत तुझं नाव लिहायची वेळ मी एकदाही येऊ दिली नाही. पाटीवाला म्हणाला, "घरी विचारून या." मी बरं म्हणून बाहेर आलो.

पुढच्या शुक्रवारी तो कोरायला घेणार आहे. एका कागदावर तुझ्या हाताने, जसं हवं तसं, पूर्ण नाव लिहून पाठव.

ते वाचायची वाट बघणारा,
तुझा दादा