अळ्यांचं बोलायचं नसतं

आई, मला तुझा राग आलाय. आधी दुसऱ्यांचा आला होता, तो अजून आहेच, पण आज दुपारी आमचे कंपोस्टचे ड्रम टेम्पोत चढवत होते आणि मी गेटपाशी नुसती उभी होते, तेव्हा एकदम तुझाच आला. तू हे ड्रम पाहिलेही नाहीस, म्हणून आधी सांगते. इथे दिल्लीत, द्वारकेच्या सोसायटीत आम्ही चार-पाच जण घरोघरचा ओला कचरा गोळा करून त्याचं खत करतो. करत होतो. पावसाळ्यात ड्रमना वास यायला लागला, अळ्या झाल्या, आणि सेक्रेटरींनी बजावलं, "मॅडम, ठीक करो, नहीं तो मैं उठवा दूँगा।"

दर काही महिन्यांनी आसपासच्या सोसायट्यांचे असे गट एकत्र जमतात आणि आपापली प्रगती सांगतात. या खेपेला गाझियाबादला जमले होते. मेट्रोच्या ब्लू लाइनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मी मनातल्या मनात बोलणं घोकत गेले. क्लबहाउसच्या हॉलमध्ये पडद्यावर एकामागून एक फोटो येत होते. ओंजळीत धरलेलं काळंभोर खत, हसरे चेहरे, टाळ्या. मला वाटलं, यांच्या ड्रमना पाऊस लागतच नाही की काय? मग माझं नाव पुकारलं गेलं आणि मी तू शिकवलंस तशी सुरुवात केली.

बाबांची दिल्लीला बदली झाली ती वर्षाच्या मध्येच. शाळेत प्रवेश मिळेना, म्हणून पहिली दोन वर्षं माझी शाळा म्हणजे सरकारी क्वार्टरचं स्वयंपाकघर. तू पोळ्या लाटते आहेस, मी ओट्याला पाठ टेकून खाली बसले आहे, मांडीवर गणिताची वही. "आधी चुकलेलं वाच," तू म्हणतेस, "बरोबर आलेलं कुठे पळून जात नाही." मी घाबरत घाबरत वाचते. तू गॅस बंद करतेस, पीठ लागलेल्या हातांनीच माझ्या शेजारी फरशीवर बसतेस, आणि आपण ते गणित पुन्हा सोडवतो. तू कधी ओरडली नाहीस. ओरडली असतीस तर बरं झालं असतं. निदान मला कळलं असतं की चुकलेलं सांगितल्यावर माणसं शेजारी येऊन बसतातच असं नाही.

हॉलमध्ये मी म्हटलं की आमच्या बहुतेक ड्रममध्ये अळ्या झाल्या आहेत आणि आमचं कुठे चुकलं ते मी आधी सांगते. पुढे सांगायचं होतं की दोन ड्रममध्ये आम्ही सुताराकडचा लाकडाचा भुसा थराथराने घातला, तळाची तोटी उघडी ठेवली, आणि ते दोन आठवडाभरात कोरडे झाले. इतर कुणी हे करून पाहिलंय का, हे विचारायचं होतं. तिथवर पोचलेच नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "लंच से पहले कीड़े, यार!" सगळे हसले. सूत्रसंचालन करणाऱ्या आंटी लगबगीने पुढे आल्या. "बेटा, आज खुशी का दिन है, अच्छा-अच्छा बताओ ना! चलो, ताली बजाओ इनके लिए।" आणि टाळ्या वाजवून त्यांनी मला खाली बसवलं. टाळ्यांनी माणसाला गप्प करता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

जेवताना एक बाई प्लेट घेऊन माझ्याजवळ आली. मघाशी पडद्यावर खताची ओंजळ होती ती हिचीच. "दीदी," ती हळूच म्हणाली, "कीड़े तो हमारे यहाँ भी हैं। वो खाद तो फोटो के लिए नर्सरी से मँगवाई थी।" मी म्हटलं, "तो बोलीं क्यों नहीं?" ती हसली. "अरे, ये सब बोलते थोड़ी हैं!" तिच्यामागून आणखी दोघं येऊन तेच सांगून गेले, तसेच हळू आवाजात. त्यांतल्या एकाने जरी हॉलमध्ये हात वर केला असता! सगळ्यांचं दुखणं एकच, आणि प्रत्येकजण पडद्यावर ठणठणीत.

सगळ्यांच्या बोलण्याचे व्हिडिओ मग या गटांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आले. माझा अळ्यांपाशीच संपतो. तो फिरत फिरत सेक्रेटरींकडे पोचला. "देखिए, खुद मान रही हैं," एवढं लिहून त्यांनी तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, आणि आज टेम्पो आला.

यात तुझा काय संबंध, असं तू म्हणशील. आहे. ज्या वर्षी तू हॉस्पिटलमध्ये होतीस, तेव्हा मी रोज शाळेतून येऊन विचारायची आणि तू रोज सांगायचीस, "आज छान आहे. कालच्यापेक्षा बरं." बाबाही तेच म्हणायचे. तुझी रोज प्रगतीच होत होती, आई. मी ती खरी मानली, आणि शेवटच्या आठवड्यात शाळेच्या सहलीला गेले, कारण तू म्हणालीस, "बिल्कुल जा." मी परत आले तेव्हा घरात चपलांचा ढीग होता. माझी प्रत्येक चूक तू मला मोठ्याने वाचायला लावलीस. तुझं बिघडलेलं एकदा तरी मला आधी सांगायचं होतंस. मी काही ओरडले नसते. शेजारी येऊन बसले असते.

हे सगळं तुझ्यावर काढते आहे, कारण तू उत्तर देणार नाहीस आणि हे कुठे पाठवायचंही नाही. पण त्या जेवणातलं एक राहिलं. त्या बाईने जाता जाता विचारलं होतं, "आपको कुछ इलाज मिला क्या?" भुशाचं माझ्या अगदी ओठांवर होतं. मी तिच्या प्लेटकडे बघत म्हटलं, "नहीं।" तिने मला तिचा नंबर दिला. त्याला आता महिना होत आला. मी अजून तिला कळवलेलं नाही.