अंगणातली गुळणी

माय, आज वर्गात एका पोरीनं मला एक साधा प्रश्न विचारला आणि मी तास अर्धवट सोडून घरी आले. पोरं खूश झाली असतील. मी मात्र चहासुद्धा न करता टेबलाशी बसले आहे आणि तुला लिहीत आहे. तुला वाचता येत नव्हतं. माझी होस्टेलवरून आलेली पत्रं तू शेजारच्या पोराकडून वाचून घ्यायचीस आणि तो अडखळला की त्यालाच रागवायचीस. हे पत्र वाचून दाखवायला कुणी नाही, ते एका परीनं बरंच आहे.

दवाखान्यातली नोकरी संपल्यावर मी आता अँब्युलन्सवर काम करणाऱ्या पोरापोरींना शिकवते. हल्ली त्याचीही पदवी मिळते. अपघात झालेल्या, बुडालेल्या, औषध प्यायलेल्या माणसाला दवाखान्यात पोचेपर्यंत जिवंत कसं ठेवायचं, याचं काही वर्षांचं रीतसर शिक्षण असतं, आणि शेवटी काळा झगा घालून समारंभ. तू म्हणाली असतीस, गाडीत बसायला कशाची आलीय पदवी. आमच्याकडं एक रबराचा बाहुला आहे, छातीपर्यंतच माणूस. पोरं एकेक करून त्याचं नाक दाबतात, हनुवटी वर करतात, तोंडाला तोंड लावून श्वास देतात, आणि बाहुल्याची छाती वर आली की हसतात. पुढचा येण्याआधी बाहुल्याचं तोंड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचं, हा नियम. रोगराई पसरू नये म्हणून तो हवाच. मी स्वतः तो घालून दिला आहे आणि कुणी विसरलं की मी चांगलीच झाडते. आणि तरी दरवेळी तो बोळा फिरायला लागला की मी खिडकीकडं बघते. आज त्या पोरीनं विचारलं, "मॅडम, तुमच्या वेळी खऱ्या पेशंटला असा श्वास दिला, की तुम्ही नंतर काय करायचात?" तिच्या मनात काहीसुद्धा नव्हतं. मी म्हणाले, चूळ भरायचो, आणि पुस्तक मिटलं.

खरं तर हे सगळं गुरुजींना लिहायला हवं. तेही गेले, असं मला फार उशिरा कळलं. त्यांना लिहायचं धाडस मला कागदावरसुद्धा होत नाही, म्हणून तुला लिहिते. तूच ते समजून घेशील, असं वाटतं. हे वाटण्याचीही मला लाज वाटते.

मी चौथीत होते. आपलं गाव पालमपासून आत, रस्ता असा नव्हताच, एसटी फाट्यावर सोडायची आणि पुढं चालत. शाळा दोन खोल्यांची. गुरुजी बदलीवर आलेले, बौद्धवाड्यात एक खोली भाड्यानं घेऊन एकटेच राहायचे. विद्यापीठाचं नाव बदलण्यावरून तेव्हा गावागावांत वातावरण तापलेलं होतं. आपल्या गावात जाळपोळ झाली नाही, हे लोक मोठ्या अभिमानानं सांगायचे, जणू न जाळणं हे पुण्य. गुरुजी पिण्याचं पाणी बाटलीत भरून खोलीवरून आणायचे. शाळेच्या रांजणाला हात लावू नका, असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनीही कुणाला सांगायची वेळ येऊ दिली नाही. आम्हा पोरांना वाटायचं, बाटलीतलं पाणी जास्त गोड असेल.

मधल्या सुट्टीत मी शाळेमागच्या विहिरीत पडले. पायऱ्यांवर शेवाळ होतं आणि मला वाकून बेडूक बघायचे होते. पुढचं मला आठवत नाही, पण ते गावानं इतक्यांदा सांगितलं की आता आठवल्यासारखंच वाटतं. गुरुजींनी कपड्यांसकट उडी टाकली. वर काढलं तेव्हा मी निळी पडलेली, श्वास नाही. माणसं गोळा झाली. पाय धरून उलटी टांगा, गरागरा फिरवा म्हणजे पाणी निघतं, असा सगळ्यांचा ओरडा. गुरुजींनी कुणाला हात लावू दिला नाही. कुठल्याशा शिबिरात शिकले होते, तसं माझं नाक दाबून माझ्या तोंडाला तोंड लावलं. माय, ते कसं दिसलं असेल याचा मी आता विचार करते. त्या दिवसांत, त्या गावात, बौद्धवाड्यात राहणारा एक तरुण माणूस विहिरीच्या काठावर आपल्या घरातल्या पोरीच्या तोंडाला तोंड लावतो आहे. चुलत्यांनी हातातली काठी उचललीच होती. गुरुजींनी ती पाहिली असणार, कारण ते तिकडं तोंड करूनच बसले होते. त्यांनी मान खाली घातली आणि परत श्वास दिला.

तू शेजारच्या रानात खुरपत होतीस. धावत आलीस ती मला न उचलता आधी मधे उभी राहिलीस. "हात लावू नका त्यांना. पोरगी माझी हाय." दिराच्या पुढं डोक्यावरचा पदर न ढळू देणारी तू, त्या दिवशी तुझा पदर चिखलात होता म्हणे. मी खोकले, पाणी ओकले, रडले. आणि तू अख्ख्या गावासमोर गुरुजींच्या ओल्या पायांवर डोकं ठेवलंस. गावात असं त्याआधी कुणी केलं नव्हतं. मला तुझा अभिमान वाटतो तो त्या क्षणाचा, आणि तो क्षण मी पाहिलेला नाही.

मी पाहिलं ते त्याच्या नंतरचं. तू मला घरी आणलंस, पण उंबऱ्याच्या आत नेलं नाहीस. अंगणात तुळशीपलीकडं, गोठ्याच्या भिंतीजवळ बसवलंस. चुलते दारात उभे. तू तांब्यात गोमूत्र आणलंस आणि म्हणालीस, गुळणी कर. मी केली. मग पाणी, मग परत गोमूत्र. माझी छाती दुखत होती आणि मला झोपायचं होतं. तेवढ्यात गुरुजी आले. त्यांचा सदरा अजून ठिबकत होता आणि हातात माझं दप्तर होतं, शाळेत राहिलेलं. ते फाटकाशी थांबले. तुझा हात थांबला. तू एकदा त्यांच्याकडं पाहिलंस, एकदा दाराकडं, आणि मला म्हणालीस, अजून एकदा. मी त्यांच्यासमोर अजून एकदा केली. त्यांनी दप्तर फाटकाशेजारच्या भिंतीवर ठेवलं, ते पडणार नाही ना हे बघितलं, आणि गेले.

दुसऱ्या दिवशी शाळेत त्यांनी मला विचारलं, छातीत दुखतंय का. मी मांडीकडं बघत "नाही" म्हणाले. पुढच्या वर्षी त्यांची बदली पाथरीकडं झाली. निरोपाच्या दिवशी मी ताप आल्याचं सांगून घरीच राहिले, आणि तूही, ताप नाही हे कपाळाला हात लावून कळलेलं असताना, मला गोधडी पांघरलीस.

मला मेडिकलला प्रवेश मिळाला तेव्हा तू मला तांब्याचा एक लहान तांब्या दिलास, वर बसणाऱ्या फुलपात्रासकट. पाथरीच्या बाजारातून आणलेला, चिंचेनं घासून लख्ख केलेला. शहरात कुणाच्याही भांड्यातलं पिऊ नको, आपलं आपलं असलेलं बरं, एवढंच म्हणालीस. मी तो घेतला आणि मिरवला. होस्टेलच्या पोरी चेष्टा करायच्या की हिचा देव्हारा खिडकीत आहे.

पण कॉलेजात मी बदलले. सभांना जायला लागले, नामांतराच्या बाजूनं बोलायला लागले, आणि बोलता बोलता आपण फार चांगले आहोत असं मला वाटायला लागलं. शेवटच्या वर्षाच्या सुट्टीत घरी आले. तू चुलीपुढं भाकरी थापत होतीस. मी तुला मोठ्या उत्साहानं सांगत होते की आम्हाला बंद पडलेला श्वास चालू करायला शिकवलं. तू विचारलंस, माणसं कुणाचीबी असतेल की मंग? मी म्हणाले, कुणाचीही. तू भाकरी तव्यावर टाकलीस आणि म्हणालीस, "असू दे. नीट गुळणी करत जा."

झालं. इतक्या वर्षांचं सगळं बाहेर आलं. मी म्हणाले, त्या माणसानं मला जीव दिला आणि तू त्याच्यासमोर माझं तोंड धुतलंस, मला तुझी लाज वाटते. तू भाकरी उलटलीस. मला वाटलं होतं, तू रडशील. मला ते हवंही होतं.

"वाटू दे," तू म्हणालीस. "मला तू घरात पाहिजे होतीस."

मग तू तव्याकडं बघत बघत सांगितलंस, ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं. विहिरीवरून येतानाच चुलत्यांनी सांगितलं होतं की पोरगी गोठ्यात राहील, आणि त्या मास्तरचं काय करायचं ते संध्याकाळी चावडीवर बघू. आमचा बाप नेहमीसारखा खाली बघत होता. तू चुलत्यांना म्हणालीस, तुमच्या डोळ्यांदेखत धुते, मग दोन्ही गोष्टी मिटल्या असं म्हणा. ते कबूल झाले. म्हणून ते दारात उभे होते. "त्यांनी बघितलं, ते लय वाईट झालं," तू म्हणालीस. "पण हातपाय धड घेऊन गेले ना ते गावातून. तूबी डॉक्टरीण व्हायलीस."

यावर एखाद्या माणसानं गप्प बसावं. मी गप्प बसले नाही. असल्या जगण्याला काय अर्थ, असं काहीतरी सभेतलं वाक्य मी तुझ्या तोंडावर फेकलं आणि न जेवता दुपारच्या एसटीला निघाले. तू फाट्यापर्यंत मागं आलीस, भाकरी धडप्यात बांधून. मी गाठोडं घेतलं, तुझ्याकडं न बघता. त्यानंतर आपण दोनदाच भेटलो आणि दोन्ही वेळा पिकापाण्याचं बोललो. माझी डॉक्टरकी पुरी व्हायच्या आत, दिवाळीच्या सुमारास, तू गेलीस. म्हणून पुढचं तुला माहीत नाही. ते मी कुणालाच सांगितलेलं नाही.

त्याच हिवाळ्यात मी एका तालुक्याच्या दवाखान्यात शिकाऊ डॉक्टर होते. विद्यापीठाच्या नावाचा निकाल नुकताच लागला होता. कुठं पेढे वाटत होते, कुठं दुकानं बंद होती. दुपारी एक बाई जीपमधून पोरीला घेऊन आली. पोरगी सात-आठ वर्षांची, हौदात पडलेली. नाडी होती, श्वास नव्हता. श्वास देण्याची रबरी पिशवी पलीकडच्या खोलीत एका म्हाताऱ्याला लावलेली. मी विचार केला नाही, हे मात्र खरं. माझ्या गळ्यातली, छाती तपासायची नळी काढून फेकली, नाक दाबलं, तोंडाला तोंड लावलं. सिस्टर त्या बाईला गाव विचारत होती, ते मला ऐकू येत होतं. बाईनं गाव सांगितलं आणि आपणहून पुढं म्हणाली, बौद्धवाड्यातली. रडत होती, तरी आवाज ताठ होता. मी मान खाली घातली आणि परत श्वास दिला. पोरगी खोकली. मी तिला कुशीवर केलं, ती फरशीवर ओकली, रडली. असं रडणं मी आयुष्यात नंतर पुष्कळ ऐकलं, पण त्या दिवशी वाटलं, सुटले. गुरुजींचं देणं फिटलं.

आणि मग मी उठले, दवाखान्यातही मी खिडकीत ठेवायचे तो तुझा तांब्या घेतला आणि कोपऱ्यातल्या मोरीवर चूळ भरली. माझ्या तोंडात काही गेलं नव्हतं. एक भरली, दुसरी भरली. तिसरी खळखळून, घशापर्यंत. मी काय करते आहे हे माझ्या लक्षातही नव्हतं, एवढं ते अंगात होतं. वळले तर मागं ती बाई उभी. मी फेकलेली नळी तिनं उचलून आणली होती, दोन्ही हातांत धरून. ती माझ्या तोंडाकडं बघत होती.

"बाई," ती हळूच म्हणाली, "आमचं लेकरू म्हणून तोंड धुवायल्या का?"

रागानं नाही. तिला नुसतं माहीत करून घ्यायचं होतं.

मी म्हणाले, "नाही हो. तसा नियमच आहे. सगळ्यांच्या बाबतीत करावं लागतं."

तिचा चेहरा लगेच सैल झाला. नियम असंल तर करावंच लागंल, म्हणाली, आणि आपणच वंगाळ बोललो म्हणून शरमली. नळी माझ्या हातात दिली आणि खाली वाकून माझ्या पायांना हात लावला. मी पाय मागं घेतले नाहीत.

तुझ्या दारात चुलते उभे होते, माय. तुला मला घरात न्यायचं होतं आणि एका माणसाचे हातपाय वाचवायचे होते. माझ्या मागं त्या दुपारी कुणीसुद्धा उभं नव्हतं. मी तुला चुलीपुढं जे बोलले ते मला परत घेता येत नाही, आणि हे पत्र कुठं टाकावं तेही कळत नाही. तुझा तांब्या अजून माझ्या खिडकीत आहे, त्याच्याखालीच ठेवीन. उद्या ती पोरगी परत विचारेल. तिला काय सांगायचं ते मी अजून ठरवलेलं नाही, पण तुला सांगते. असा नियम नव्हता.